मडमेचं डावं चाक

८ जानेवारी

बारक्या,

तांब्याच्या तोंडाचा हातोडा तू जाताना घेऊन गेलास का?

पत्राची अशी सुरुवात करतात का, असं तुझी वहिनी आत्ता माझ्या खांद्यावरून वाचून म्हणाली. एकोणीस वर्षांनी सख्ख्या भावाला लिहिताय, निदान कसा आहेस एवढं तरी विचारा. तर, कसा आहेस? आम्ही ठीक. अण्णांना सत्त्याऐंशीवं लागलं. दात गेले, चावा शिल्लक आहे. तुझा पत्ता वहिनीनेच दिला. तिचं आणि तुझ्या बायकोचं बोलणं कधी थांबलंच नव्हतं म्हणे. म्हणजे भांडण काय ते आपण दोघे आणि अण्णा इमानेइतबारे चालवत होतो.

लिहिण्याचं कारण असं. नोव्हेंबरात मी निवृत्त झालो. पंधरा दिवस घरी बसलो आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावून टाकले. तिसऱ्या आठवड्यात वहिनीने गॅरेजची किल्ली माझ्यापुढे ठेवली. तिकडे काय लावायचं ते लावा, म्हणाली. नेमकं त्याच दिवशी जेवताना अण्णांनी विचारलं, "मडम सुरू होईल का रे?"

आपल्या इंग्रजी गाडीला मडम हे नाव त्यांनीच दिलेलं, पण एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते मी ऐकलं नव्हतं. तुझंही नाही. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

ताडपत्री काढली तेव्हा खाली निम्मी गाडी होती आणि निम्मी धूळ. त्या वेळी मी तिला विटांवर चढवून ठेवलं होतं ना, तशीच आहे. हिरवा रंग बोनेटवर तेवढा शाबूत आहे. अण्णांच्या सीटमध्ये उंदरांच्या निदान दहा पिढ्या नांदून गेल्या. तुझी सीट मात्र त्यांनी सोडली. उंदरांनाही तुझा राग माहीत असावा.

हातोड्याचं म्हणशील तर चाकाच्या मधोमध दोन कानांचा तो मोठा नट आहे, तो लोखंडी हातोड्याने ठोकला की कान चेपतात. तुला हे सांगायला नको. चाकं ठोकणं तुझंच काम होतं.

मागच्या गोष्टींवर मला काही लिहायचं नाही. मला फक्त हातोडा हवा आहे.

दादा

२ फेब्रुवारी

बारक्या,

उत्तर नाही. ठीक आहे. तू लहानपणीही रुसलास की माळ्यावर जाऊन बसायचास आणि भूक लागली की उतरायचास. मी थांबतो.

इकडची हकीकत. माझ्याकडचा एकही पाना मडमेला लागत नाही. मिलिमीटरचा पाना घातला की सैल, त्याच्या खालचा घातला तर जातच नाही. शेवटी अण्णांनी त्यांच्या ट्रंकेतून ती कापडी गुंडाळी काढून दिली. इंचातले पाने, प्रत्येकाला आईने शिवलेला वेगळा कप्पा. एक मोठा कप्पा रिकामा होता, हातोड्याच्या मापाचा. 

आता ते रोज सकाळी दहा वाजता गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसतात. डोक्यावर टोपी, हातात वर्तमानपत्र. वाचत नाहीत, मी चुकलो की ते पायावर आपटतात. परवा नवी बॅटरी जोडली. मी आपली सरळ रीतीने, उणेची तार बॉडीला, अधिकची पुढे. दिवा लावला तर ॲमीटरचा, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणारा, काटा भलतीकडे पळाला. वर्तमानपत्र आपटलं. "तिच्यात अधिकची तार बॉडीला असते. विलायतेची आहे ती, तिचं सगळं उलटं. साठीला आलास तरी आधी विचारावं असं तुला वाटत नाही." मी तारा बदलल्या.

त्यांचं ऐकणं फार कमी झालंय. दारावरची घंटा ऐकू येत नाही. मात्र पोस्टमनची सायकल फाटकाशी थांबली की मान वर होते. मी विचारत नाही कोणाच्या पत्राची वाट बघताय.

काल पुढचं डावं चाक लागतं तो वाकलेला लोखंडी हात काढून लेथवाल्याकडे सरळ करायला दिला. तो हातात घेतल्यावर तो रविवार आठवलाच. मी नव्हतोच गाडीत. दोन सीटची गाडी, एकीवर अण्णा, एकीवर तू. मी नेहमीसारखा फाटक लावून घ्यायला. पण लोक अजून इतकं रंगवून सांगतात की मीच चालवत होतो असं वाटतं. दंतवैद्याच्या वळणावर डावं चाक सुटलं, गाडीला ओव्हरटेक करून पुढे गेलं, आणि अण्णा त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "अरे, हे कोणाचं?" मग मडमेने नाक खाली घातलं आणि ती खांबाला जाऊन भिडली. चाक रस्ता ओलांडून दवाखान्याच्या पायरीला टेकून उभं, नंबर लावून बसलेल्या पेशंटसारखं.

पुढचं हसण्यासारखं नव्हतं. अण्णांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. अजूनही डावा हात खांद्याच्या वर जात नाही, सदरा घालताना वहिनी बाही धरते. "एक काम दिलं होतं, तेही केलं नाहीस. माझ्या गाडीला पुन्हा हात लावू नकोस आणि मला तोंड दाखवू नकोस," असं ते बोलले. तू आठ दिवसांत बदली मागून घेतलीस.

बारक्या, आता झालं गेलं विसरून जाऊ. मी मनातून काढून टाकलंय. माणसाच्या हातून राहतं एखाद वेळी एक चाक ठोकायचं. मोठा भाऊ म्हणून मी तुला माफ केलं आहे. तू एक शब्द लिहिलास तर अण्णांकडेही रदबदली करीन.

दादा

२१ फेब्रुवारी

बारक्या,

मागच्या पत्राला उत्तर आलं. तुझ्या बायकोने वहिनीला फोन केला. तू ते पत्र वाचून दोन तुकडे केलेस, मग तिने ते चिकटपट्टीने जोडून ठेवलं. 'माफ केलं' हे शब्द वाचल्यावर तू उठून बाहेर निघून गेलास असं कळलं. माझं काय चुकलं ते मला कळलं नाही, पण वहिनी दोन दिवस माझ्याशी आखडून बोलते आहे. आमटीत मीठही जरा जास्तच पडतंय.

तरीही हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मडम सुरू झाली.

गेल्या रविवारी. आधी नुसतीच खोकली, मग एक शिंक, मग एक्झॉस्टमधून उंदरांचं उरलंसुरलं बिऱ्हाड बाहेर आलं आणि ती धडधडायला लागली. गॅरेजच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. वहिनी हातात लाटणं घेऊन धावत आली, काही फुटलं असं वाटून. मी त्या आवाजात रडलो, खोटं कशाला बोलू. धुरामुळे कोणाला कळलं नाही.

मग तिचे दोन कार्ब्युरेटर एका सुरात आणायचं काम. तुला आठवतं, रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, आणि दोघांचा श्वास सारखा ऐकू यायला हवा. मी नळी लावून अर्धा तास वाकलो होतो. वहिनी म्हणाली, डॉक्टर, मुलगा आहे की मुलगी? मला दोन्ही सारखेच वाटले. अण्णा दारातून म्हणाले, "पुढचा जास्त ओढतोय. पाव फेरा कमी कर." घंटा ऐकू न येणारा माणूस! पाव फेरा फिरवला आणि मडम मांजरासारखी गुरगुरायला लागली.

तेव्हा मी धीर करून म्हणालो, महिनाभरात तुम्हाला चक्कर मारून आणतो. त्यांनी विचारलं, "तू चालवणार?" मी म्हटलं, आणखी कोण आहे? "तू क्लच असा सोडतोस, मला वाटतं आपण जिना उतरतोय."

तुला सांगतो, वर्मी लागलं. मी साठीचा घोडा, पण तिथेच पंचवीस वर्षांचा झालो. त्यांनी कधीच मला चालवू दिली नाही धड. स्टिअरिंग नेहमी तुझं. तू गिअर बदललास की ते डोळे मिटून घ्यायचे, गाणं ऐकताना मिटतात तसे. मी फाटकाशी उभा. आधी चाकं मी पुसायची, नट मी चकाकवायचे, तू चार चाकांना सात सात घाव घालायचे आणि तुम्ही दोघांनी भुर्रकन निघून जायचं.

हे मी आधी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. पत्रात काहीही लिहून जातं.

दादा

९ मार्च

बारक्या,

आज एकच गोष्ट विचारायची आहे. त्या रविवारी पुढचा डावा नट तू कुठल्या दिशेने फिरवून आवळलास? नेहमीच्या, की उलट्या?

आठवत असेल तर कळव. सहज विचारतोय.

दादा

१४ मार्च

बारक्या,

सहज विचारत नव्हतो. आणि तू उत्तर दिलं नाहीस तरी उत्तर मला माहीत आहे. आज सगळं लिहितो. वहिनीला सांगितलंय की पूर्ण होईपर्यंत खांद्यावरून वाचायचं नाही.

पुढचे दोन्ही नट घासून-पुसून घ्यायला लेथवाल्याकडे नेले होते. मी डावा-उजवा असं चिठ्ठीवर लिहून बांधले होते. त्याने माझ्या डाव्या नटावर खडू घासला आणि बोटाने पुसला. झिजलेली इंग्रजी अक्षरं पांढरी होऊन वर आली. उजवी बाजू. तो म्हणाला, "हा डावीकडून काढला म्हणता? मग तुम्ही ही गाडी रिव्हर्समध्येच चालवायला हवी होती." तो हसला. मीही हसलो. मग घरी येऊन तुला ते दोन ओळींचं पत्र लिहिलं.

तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण हे एकदा माझ्या अक्षरात कागदावर यायला हवं. डावीकडचा नट बाटलीच्या झाकणासारखा, नेहमीच्या दिशेने आवळतो. उजवीकडचा उलट्या दिशेने. म्हणजे गाडी पुढे पळते तेव्हा चाकं आपले नट आवळतच राहतात. बाजू बदलली की तेच चाक स्वतःचा नट सोडवत जातं. मग त्याला सात घाव घाला नाहीतर सत्तर.

आणि बाजू कोणी बदलली? त्याआधीच्या आठवड्यात पुढच्या चाकांचे हब, म्हणजे ज्यांवर चाक बसतं आणि नट आवळतो ते, ग्रीस भरायला मी उतरवले होते. दोन्ही एकाच घमेल्यात रॉकेलमध्ये बुडवले. दोन्ही सारखेच दिसतात, फरक फक्त आट्यांच्या दिशेत. डावा उजवीकडे बसवला, उजवा डावीकडे. नट ज्यावर जाईल त्यावर लावून पाहिला. नटांवर बाजू कोरलेली असते, पण मी वर्षानुवर्षं पॉलिश लावून लावून ती अक्षरं घालवली होती. चमक बघायची हौस! गाडी विटांवर चढवताना उजवा नट नुसत्या हाताने फिरला होता. तेव्हाही मी तुलाच शिव्या घातल्या.

इथे थांबलो असतो तर ही चूक झाली असती. चूक कोणाकडूनही होते. पण पुढचं चूक नाही.

त्या सकाळी तू डाव्या चाकाशी बसला होतास. मी उजव्या बाजूच्या आरशात भांग पाडत होतो, तेव्हा केस होते. तू म्हणालास, "दादा, हा आज उलटा बसतोय." मी वळलोही नाही. मी म्हणालो, "दोनातला एक उलटाच असतो. शहाणपणा करू नकोस, ठोक." आणि तू ठोकलंस. मी आरशात बघत घाव ऐकले. सात.

इस्पितळात अण्णांनी मला विचारलं, "तू तिथे होतास. याने चाक ठोकलं होतं का?" तू माझ्याकडे बघत होतास. तुझा चेहरा मला आत्ताही दिसतो, कारण त्यावर भीती नव्हती. दादा सांगेल, एवढंच होतं. आणि मी म्हणालो, माझं लक्ष नव्हतं.

का म्हणालो? हब मी बसवले होते, आपलंच काही राहिलं असेल अशी भीती होती. आणि दुसरंही होतं. आयुष्यात पहिल्यांदा तू नापास होत होतास आणि मी नाही. ते मला आवडलं, बारक्या. फार थोडा वेळ आवडलं, पण आवडलं. मग दिवस गेले, आणि प्रत्येक दिवसाने बोलणं आणखी कठीण झालं. शेवटी मीच मानायला लागलो की तू चाक ठोकलं नव्हतंस. इतकं, की फेब्रुवारीत तुला माफसुद्धा करून बसलो. ते पत्र चिकटपट्टीने जोडलं असेल तर पुन्हा फाड.

तू ठोकलं होतंस. तू मला सांगितलंही होतंस. दोष माझा.

उद्या अण्णांना सांगतो. ते काय करतील माहीत नाही. तू काय करशील तेही माहीत नाही. मला माफ कर असं लिहायला हात होत नाही, तो शब्द मी आधीच वाया घालवला.

दादा

१६ मार्च

बारक्या,

सांगितलं.

तुला हसू येईल म्हणून नीट लिहितो. काल दहा वाजता अण्णा खुर्चीत बसले. मी समोर स्टूल घेतलं आणि रात्रभर घोकून ठेवलेलं हळू आवाजात बोलून टाकलं. ते म्हणाले, "काय?" मी जरा मोठ्याने बोललो. "नटाचं काय?" तिसऱ्या वेळी मी ओरडलो. अण्णा, चाक माझ्यामुळे सुटलं! बारक्याने ठोकलं होतं! मी खोटं बोललो!

आपली गल्ली अरुंद आहे हे तुला माहीत आहे. समोरच्या शिंप्याचं मशीन थांबलं. वरच्या मजल्यावरची शिकवणी थांबली. दंतवैद्य मास्क हनुवटीवर ओढून बाहेर आला, त्याच्यामागे गळ्यात रुमाल बांधलेला पेशंट, तोंड उघडंच. एकोणीस वर्षं ज्या गल्लीने तुझी गोष्ट मीठमसाला लावून सांगितली, तिने खरी गोष्ट माझ्याच तोंडून, खणखणीत आवाजात ऐकली. शिंपी तर म्हणाला, पुन्हा एकदा सांगता का, मशीनमुळे सुरुवात हुकली.

अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. मला वाटलं, आता मला तोंड दाखवू नकोस म्हणतील. मनाची तयारी होती.

मग ते म्हणाले, "तो म्हणाला होता, मी ठोकलंय. मी तुला विचारलं. त्याचंच का नाही ऐकलं मी?"

 थोड्या वेळाने ते उठले, मडमेच्या स्टिअरिंगवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "तो येईपर्यंत ही फाटकाबाहेर जाणार नाही. तू ब्रेक तपासून ठेव." दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी चहा दोनदा मागितला.

दादा

४ एप्रिल

बारक्या,

काल तुझं कार्ड आलं. सायकल थांबली तशी अण्णा माझ्याआधी फाटकाशी पोचले. भिंग लावून त्यांनी ते चारदा वाचलं. वाचायला होतं काय तर एक ओळ. 'हातोडा माझ्याकडे आहे.' एवढं वाचून ते घरात गेले आणि डोळे पुसायला तुझ्या वहिनीचा ओट्यावरचा नॅपकिन घेऊन आले. तिखटाचा होता. त्यामुळे खरं रडणं किती आणि तिखटाचं किती ते सांगता येत नाही, पण तासभर चाललं.

हातोडा पोस्टाने पाठवू नकोस. जड आहे, रस्त्यात हरवेल, आणि पान्यांच्या गुंडाळीतला तो रिकामा कप्पा तूच भरायचा आहेस असं अण्णांचं म्हणणं आहे. तू आणि तुझी बायको दोघं या. वहिनीने माडीवरची खोली झाडून ठेवली आहे. तिथले डबे मी लावलेले नाहीत.

मडम तयार आहे. हब आपापल्या बाजूला बसवले. लेथवाल्याने नटांवर अक्षरं नव्याने कोरून दिली, आणि मला बजावलंय की पॉलिशचा डबा हातात दिसला तर तो घरी येईल. चारही नट मी हाताने बसवून ठेवले आहेत. एकही ठोकलेला नाही. अण्णांनी टोपी धुवायला टाकली आहे.

सीट दोनच आहेत. एक त्यांची, एक तुझी. फाटक मी उघडीन, आणि या वेळी मला ते मनापासून उघडायचं आहे.

फक्त एक मागतो. तू चाकं ठोकशील तेव्हा मी तुझ्या शेजारी उकिडवा बसणार आणि मोठ्याने मोजणार. चार चाकं, सात सात घाव, अठ्ठावीस. कोणी विचारलं तर मला सांगता यायला हवं.

दादा